आजारपणातून उठल्याची साक्ष मंडळीत कशी द्यावी? तुमचे अनुभव लिहा

सिंहगडरोड_लेक

सगळ्यांना जय ख्रिस्त. पोस्ट मोठी होणार आहे, पण मनात आहे ते सगळं लिहिते.

2025च्या जानेवारीत आपल्याकडे धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली होती ते पुण्यातल्यांना आठवत असेल, पेशंटचा आकडा दोनशेच्या वर गेला, विहिरीच्या पाण्याचे नमुने नेले, केंद्राची टीम आली. त्यात माझा धाकटा भाऊ सापडला. आधी नुसते जुलाब, मग बरं वाटलं, मग एके सकाळी चप्पल घालताना पायाची बोटं उचलेनात, संध्याकाळी जिना चढवेना आणि दुसऱ्या दिवशी हातातून चहाचा कप निसटला. हॉस्पिटलात नेईपर्यंत श्वासावर आलं आणि व्हेंटिलेटर लागला.

आयसीयूत त्याचे फक्त डोळे चालू होते. मी एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने मुळाक्षरं लिहून नेली, एकेका अक्षरावर बोट ठेवायचे आणि हवं ते अक्षर आलं की तो पापणी मिटायचा. पहिला शब्द त्याने काढला 'पाठ'. त्याला कूस बदलून हवी होती. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी खोबरेल तेलाच्या छोट्या बाटलीवर प्रार्थना करून ती आईकडे दिली होती. तिथल्या सिस्टर म्हणाल्या मावशी नळ्या आहेत, इन्फेक्शन होईल, अंगाला काही लावायचं नाही. पण आईचं तोंड बघून म्हणाल्या बरं, पायाच्या अंगठ्याला एक थेंब लावा आणि लगेच हात धुवा. आईने तेवढंच केलं आणि रोज पायापाशी उभी राहून प्रार्थना करायची.

इम्युनोग्लोब्युलिनचा कोर्स झाला, त्याचे पैसे जमवताना स्त्री-मंडळाच्या बायकांनी भिशीची रक्कम आणून दिली हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. हळूहळू खांदे हलले, मग हात, आणि तो अंगठा सगळ्यात शेवटी. आता वॉकर सुटलाय, काठी आहे.

आता प्रश्न. आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका ताईंचे मिस्टर त्याच साथीत गेले. दोघांसाठी एकाच ग्रुपवर प्रार्थना-साखळी चालू होती, रात्रीचे तास वाटून घेतले होते, दोघांची नावं एकाच दमात घेतली जायची. पाळकसाहेब म्हणतात येत्या उपासनेत साक्ष दे, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांग. ताई मुलीला घेऊन पुढच्याच बाकांवर बसतात. मी माइक हातात घेऊन काय सांगू की प्रभूने आमचं ऐकलं? म्हणजे त्यांचं नाही ऐकलं का? आणि गप्प बसले तर एवढं मिळालं त्याबद्दल देवाचे आभारसुद्धा मानले नाहीत असं मनाला लागून राहतं. तुम्ही काय केलंत अशा वेळी?

क्वार्टरगेट_काका

बेटा, जय ख्रिस्त. साक्ष दे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकतो, बरे दहा झाले आणि मागे वळून एकच आला, आणि येशूने विचारलंच की बाकीचे नऊ कुठेत. आभार मानायचे राहू देऊ नकोस.

माझं सांगतो. तरुणपणी मला फुफ्फुसाचा टीबी झाला. नव्या नोकरीत लागलेला, लग्न ठरत आलेलं, आणि थुंकीत रक्त. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिल्याप्रमाणे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चमधले जबाबदार ज्येष्ठ लोक, घरी आले, तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला काही झटका बसला नाही की ऊब जाणवली नाही. एवढंच झालं की त्या रात्री मी झोपलो, कितीतरी रात्रींनंतर. टीबीचं कसं असतं, गोळ्या सुरू केल्या की थोड्या आठवड्यांत बरं वाटायला लागतं आणि माणूस कोर्स अर्धवट सोडतो, आणि तसाच तो जंतू हट्टी होऊन परत येतो. माझ्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांपैकी एक वडील दर शनिवारी सायकलवरून यायचे, प्रार्थना म्हणायचे आणि जाताना गोळ्यांचं पाकीट बघायला मागायचे. एक जरी गोळी राहिली असली तरी माझ्या आईसमोर विचारायचे. कोर्स पूर्ण झाला. मला कोणी विचारलं तुला प्रार्थनेने बरं केलं की गोळ्यांनी, तर मी त्या सायकलवाल्या वडिलांचं नाव सांगतो.

पण एक, माइक हातात घ्यायच्या आधी त्या ताईंच्या घरी जाऊन ये. सोबत आईला ने.

वॉर्डातली_सिस्टर

मी रिटायर्ड स्टाफ नर्स. ट्रेनिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं, वॉनलेस डॉक्टरांनी 1894मध्ये सुरू केलेलं. आमच्या वेळी ड्यूटीची सुरुवात प्रार्थनेने व्हायची आणि ऑपरेशनच्या टेबलाशीही डॉक्टर डोळे मिटून दोन शब्द बोलायचे, आणि मग चाकू घ्यायचे. त्यामुळे प्रार्थना एका बाजूला आणि दवाखाना दुसऱ्या बाजूला असं मी कधी बघितलंच नाही, आणि कोणी तसं बोललं की मला राग येतो.

लेकी, तुझ्या भावाचं जे झालं ते नीट समजून घे म्हणजे साक्ष नीट देता येईल. जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती जंतूशी लढता लढता नसांवर उलटते. कमजोरी बहुतेक वेळा पायांपासून वर चढते आणि सुधारणा साधारण उलट्या क्रमाने येते, म्हणून अंगठा शेवटी हलला. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं ही दोन औषधं, तीही लवकर दिली तर उपयोग. बहुतेक पेशंट सहा महिन्यांत आपले आपण चालतात, पण काही थोडे दगावतात, श्वासाने किंवा इन्फेक्शनने किंवा हृदयाच्या ठोक्यांनी, आणि ते कोण असतील हे कुठल्याच डॉक्टरला आधी सांगता येत नाही. म्हणजे त्या ताईंच्या मिस्टरांना बाकीच्यांपेक्षा कमी प्रार्थना मिळाली म्हणून ते गेले असं काही नाही.

साक्ष देताना इम्युनोग्लोब्युलिनचं नाव घे. डॉक्टरांचं, फिजिओवाल्यांचं, ज्या सिस्टरने एक थेंब लावू दिला तिचं पण सांग. हे का सांगते तर मी वॉर्डात एक मुलगी बघितली आहे, कॉलेजातली, लहानपणापासूनची शुगर, इन्सुलिनवर. कुठल्याशा सभेत तिला सांगितलं तू बरी झालीस, आता सुई घेणं म्हणजे अविश्वास. तिने इन्सुलिन बंद केलं. आमच्याकडे आली तेव्हा श्वास जोरजोरात चाललेला, तोंडाला फळासारखा गोडसर वास, अर्धवट शुद्ध. ती वाचली, पण त्या रात्री तिच्या वडिलांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं ते मला अजून दिसतं. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवायची गोळी, टीबीचा कोर्स, ही औषधं मनाने बंद करायची नाहीत. देवाने खरंच बरं केलं असेल तर ते रिपोर्टमध्ये दिसेल, मग डॉक्टरच कमी करतील.

बोपोडीची_मारिया

मी जन्माने ख्रिस्ती नाही. माझ्या पोटात वर्षानुवर्षं दुखायचं. सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल, घरातले म्हणायचे नाटक करते, कामाच्या ठिकाणी पण तेच. चाळीतल्या एक काकू त्यांच्या खोलीत शुक्रवारी प्रार्थना घ्यायच्या, दहाबारा बायका, एक ढोलकी. त्यांनी मला काही विचारलं नाही की तू कोण कुठली, नवरा काय करतो, नुसतं शेजारी बसवून घेतलं आणि हात धरून प्रार्थना केली आणि रडल्या. माझ्यासाठी कोणी बाहेरचं माणूस रडलं हे पहिल्यांदा. त्या दिवसापासून दुखणं कमी होत गेलं आणि मग थांबलं. माझ्यासाठी ते येशूनेच केलं, मला दुसरं कोणी काही सांगायला येऊ नका. मार्कमध्ये ती बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली बाई आहे ना, सगळा पैसा वैद्यांवर घालवलेली, ती मीच आहे असं वाचताना वाटलं. येशू तिला गर्दीत थांबवून 'मुली' म्हणतो. तेवढ्यासाठीच मी बाप्तिस्मा घेतला.

लेक ताई तुम्ही साक्ष द्या. त्या काकूंच्या खोलीत एकीने साक्ष दिली नसती तर मी आले नसते.

वॉर्डातली_सिस्टर

मारिया, तुला कोण काय सांगणार बाळा. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे दुखणं खोटं असं कधीच नसतं, पोट आणि मन एकाच तारेवर असतात हे आम्ही रोज बघतो. एकट्या पडलेल्या बाईचा हात धरला आणि तिचं दुखणं थांबलं, तर ते प्रभूचं काम म्हणायला मला काहीही अडचण नाही. आपल्या मंडळ्यांनी हे तरी रोज करावं.

वसईचा_वडगावशेरीत

आम्ही कॅथलिक, थोडं आमच्याकडचं. तेल लावायचा संस्कार आमच्यात पूर्वी अगदी शेवटच्या घटकेला द्यायचे, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की फादर तेल घेऊन आले म्हणजे झालं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची सभा) 1972मध्ये विधी बदलला, आता मोठं ऑपरेशन असलं, गंभीर आजार असला, म्हातारपणाने थकलेले असले तरी घेता येतो आणि परत परतही घेता येतो. पण माझ्या आजीच्या खुब्याच्या ऑपरेशनआधी फादरना बोलावलं तर तिने मला जवळ घेऊन हळूच विचारलं, "माझं काय लपवताय तुम्ही?" तिला समजावता समजावता फादर तिच्या पलंगावरच बसले, आणि मग दोघं वसईच्या केळीच्या वाड्यांबद्दल बोलत बसले. ऑपरेशन थिएटरला ती हसत गेली.

चमत्काराच्या बाबतीत चर्च किती सावध असतं हे पण लोकांना माहीत नसतं. फ्रान्समधल्या लूर्दला 1858पासून लोक जातात, बरे झाल्याचे दावे हजारोंनी आले, पण अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य झालेत ते सत्तरच्या थोडे वर. तिथे डॉक्टर बसतात, आजार आधी नीट निदान झालेला हवा, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकणारं हवं, आणि उपचाराने झालं असं म्हणता येत असेल तर ते यादीत येत नाही. त्या हिशोबाने लेक ताईंच्या भावाची केस बसणार नाही. पण म्हणून माझी आई वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचा पाय वाहून आली त्यातलं तिचं आभार मानणं कमी होतं का? चमत्कार ठरवायला समिती लागते, आभार मानायला लागत नाही. आमच्या बायबलात सिराखचं पुस्तक आहे, त्याच्या 38व्या अध्यायात तर स्पष्ट आहे की वैद्याला मान द्या, औषधं देवानेच जमिनीतून उगवली आहेत, आणि आजारी पडलास तर प्रार्थना कर आणि मग वैद्यालाही जागा दे.

डेक्कन_वाचक

मी ख्रिस्ती नाही, धागा शांतपणे वाचत होतो. मनापासून विचारतो, राग मानू नका. रस्त्यावर बोर्ड दिसतात, आंधळे पाहतील, पांगळे चालतील, अमुक तारखेला या. डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्या गावात राहतो मी, त्यामुळे असे बोर्ड बघून आत काहीतरी होतं. तुमच्या आतल्या लोकांना याबद्दल काय वाटतं?

क्वार्टरगेट_काका

विचारलंत ते बरं केलंत. माझं मत स्पष्ट आहे, असे बोर्ड लावू नयेत. 1954चा कायदा आहे, जादूटोण्याने किंवा औषधाने अंधत्व, लकवा, कॅन्सर, मधुमेह, फिट बरे करतो अशी जाहिरात करायला बंदी घालणारा. 2013चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर आला, त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. त्या कायद्याने उपासना, भजन, प्रार्थना थांबवलेली नाही, फसवणूक आणि अघोरी प्रकार थांबवलेत, त्याला आपण ख्रिस्ती लोकांनी सगळ्यात आधी पाठिंबा द्यायला हवा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी येशूने किती जणांना बरं करून सांगितलं की कोणाला सांगू नकोस. त्याने बोर्ड लावला नाही.

कॅलिपरवाला

मी खूप वेळ लिहू की नको करत होतो.

मला वर्षाचा असताना पोलिओ झाला. डावा पाय बारीक, कॅलिपर घालून चालतो. लहानपणापासून आजपर्यंत अशी एक सभा झाली नाही की कोणी ना कोणी माझ्याकडे वळलं नाही. मला स्टेजवर नेलंय, बूट काढायला लावलेत, तेल ओतलंय, ऊठ म्हणून ओढलंय आणि मी पडलोय. पडल्यावर माइकवर सांगितलं गेलं की भावाचा विश्वास अजून वाढायचाय. माझी आई खाली बसलेली होती. घरी आल्यावर तिने उपवास धरला, माझ्यासाठी नाही, तिच्याच अविश्वासाची क्षमा मागायला. हे त्या बाईने का करावं? दोन्ही खांद्यांवर मला शाळेत नेऊन आणणाऱ्या बाईने?

पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं तिथे मार्कमध्ये लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. आणणाऱ्यांचा. खाटेवरच्याला त्याने आधी परीक्षा घातली नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं पाप कोणाचं, तर येशूने तो प्रश्नच मोडून काढला. प्रेषित पौलाने तीनदा मागितलं तरी त्याच्या शरीरातला काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर आलं. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. दुसऱ्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. आता पौलाचा विश्वास कमी होता का?

आणि आपल्या जवळचं बघायचं तर केडगाव. 1905मध्ये तिथल्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे विश्वासाची मोठी जागृती, झालं त्याचं नाव जगभर झालं. ते ज्यांच्या प्रार्थनेतून झालं त्या पंडिता रमाबाईंना ऐकू कमी यायचं, त्याच कारणाने इंग्लंडमध्ये त्यांचं डॉक्टरकीचं शिक्षण राहून गेलं. ती मोठी बाई तशीच कमी ऐकत मुळातून मराठीत बायबल उतरवत बसली, दुष्काळातल्या शेकडो मुली सांभाळल्या. 1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली आणि 1922मध्ये त्या स्वतः. त्यांना कोणी म्हणालं असेल का की बाई तुमचा विश्वास वाढायचाय?

मी प्रभूवर प्रेम करतो. माझ्या मंडळीत मी ऑर्गन वाजवतो, उजव्या पायाने भाता मारतो आणि डावा बाजूला ठेवतो. मला बरं व्हायचंच नाही असं नाही, कोणी शांतपणे प्रार्थना करू का विचारलं तर मी हो म्हणतो. पण विचारा. आणि झालं नाही तर माझ्यावर टाकू नका.

लेक ताई, साक्ष द्या, पण 'आमचा विश्वास होता म्हणून' हे वाक्य त्यात येऊ देऊ नका. तेवढं एक वाक्य त्या ताईंना आणि त्यांच्या मुलीला आयुष्यभर पुरेल.

बोपोडीची_मारिया

दादा तुमची पोस्ट आमच्या शुक्रवारच्या प्रार्थनेत वाचून दाखवू का? नाव न घेता.

कॅलिपरवाला

वाचा. आवर्जून वाचा.

सिंहगडरोड_लेक

सगळ्यांच्या पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवल्या. कॅलिपरवाला दादांची ऐकताना ती मध्येच उठून आत गेली आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाली परत वाच.

मग आम्ही दोघी ताईंकडे गेलो. मी सरळच विचारलं की मला साक्ष द्यायला सांगितलीय, तुम्हाला त्रास होणार असेल तर मी देत नाही. त्या आधी काही बोलल्याच नाहीत, भाजी निवडत होत्या ती निवडत राहिल्या, आई पण खाली बसून मेथी खुडायला लागली. मग म्हणाल्या, "तुझा भाऊ उठला ते मला ऐकायचंय गं. पण ह्यांचं नाव कोणी घेतच नाही मंडळीत. घाबरतात. जसं काही ते नव्हतेच त्या साखळीत." आणि म्हणाल्या की शेवटच्या दिवशी बोलता येत नसताना त्यांनी डोळ्यांनी मुलीकडे बघून मग बायबलकडे बघितलं, मुलीने स्तोत्र वाचलं, ते वाचून होईपर्यंत ते जागे होते. ही साक्ष नाही का, असं मला विचारलं. मी काय बोलणार.

तर ठरलं असं. रविवारी मी बोलेन, औषधाचं, सिस्टरचं, भिशीच्या पैशांचं सगळं सांगेन, दोघांची नावं घेईन. माझ्यानंतर ताई स्वतः उभ्या राहणार आहेत. पाळकसाहेबांना सांगितलं, ते लगेच हो म्हणाले आणि म्हणाले उपदेश छोटा करतो.

अजून एक कळलं. मिस्टर कंपनीत होते पण कंपनीतून अजून पैसे काही मिळालेले नाहीत. ताईंना वाटतंय पीएफचा एकच फॉर्म असतो, तो दिलाय, आणि सगळं अडकलंय. इथे कोणाला यातलं माहीत आहे का? मंडळीने रात्रीचे तास वाटून घेतले होते तसं हेही वाटून घेता येईल.

हडपसर_पेरोल

माझं रोजचं काम हेच आहे. फक्त पीएफचा फॉर्म दिला असेल तर बाकीचं राहिलंय. तीन गोष्टी असतात, पीएफची रक्कम म्हणजे फॉर्म 20, पेन्शन म्हणजे 10डी, आणि विमा म्हणजे 5आयएफ. नोकरीत असताना कामगार गेला तर ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबतच्या विम्याचे जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंत मिळतात, कामगाराने त्यासाठी काही भरलेलं असावं लागत नाही. पेन्शन बायकोला मिळते आणि मुलीलाही वेगळी मिळते, 25 वर्षांची होईपर्यंत. आता तिन्हींचा मिळून एक एकत्रित फॉर्म पण आहे. मृत्यूचा दाखला, यूएएन (पीएफचा) नंबर, ताईंचं आणि मुलीचं आधार, कॅन्सल चेक, मुलीच्या जन्माचा दाखला, एवढं काढून ठेवायला सांगा. नॉमिनेशनमध्ये लग्नाआधीचं आईवडिलांचं नाव राहिलं असेल तर तेही आधीच बघावं लागेल. कंपनीच्या एचआरशी मी बोलतो, मला मेसेज करा. शनिवारी दुपारी येऊ का त्यांच्या घरी?

सिंहगडरोड_लेक

शनिवारी चालेल, ताईंना विचारून वेळ कळवते. आईने सांगितलंय जेवूनच जायचं.